‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द पाट्यांवरून काढून टाकावा का?

कोशातली_वाळवी
टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. शाळेत आपण ‘इन’ म्हणजे नकार असं घोकलेलं: करेक्ट-इन्करेक्ट, व्हिजिबल-इन्व्हिजिबल. त्या हिशेबाने इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं! प्रत्यक्षात फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल यांचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं. न पेटणाऱ्याला नॉनफ्लेमेबल म्हणतात. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकातच ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही १९५९ मध्ये तेच धोरण घेतलं. मग आपण अजून का चिकटून आहोत? डबे, पिंपं, टँकर, सगळीकडून हा शब्द जावा असं माझं मत.

प्रत्ययकारी
असहमत. शब्दात काडीचीही चूक नाही. हा ‘इन’ नकाराचा नाहीच. लॅटिन ‘इन्फ्लामारे’, म्हणजे पेटवणे, यातून तो आलाय. इन्फ्लेम, इन्फ्लेमेशन ही त्याचीच भावंडं. आपल्याकडे ज्वलित आणि प्रज्वलित असतात, तसंच हे. ‘प्र’ लागला म्हणून दिवा विझलेला आहे असं कोणी समजतं का?
शिवाय आपल्या कायद्याची भाषा बघा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात पेट्रोलियमच्या व्याख्येतच ‘इन्फ्लेमेबल’ आहे. १९५२ च्या एका कायद्याचं तर नावच ‘इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस अ‍ॅक्ट’. कायद्यात एक आणि पाटीवर दुसरं, हा घोळ वेगळाच.

कोशातली_वाळवी
प्रत्ययकारी, व्युत्पत्ती मान्य. पण गोदामात पिंप हलवणाऱ्याने पाटी वाचायची की लॅटिन? ‘फ्लेमेबल’चा उलटा अर्थ लावायला जागाच नाही, ‘इन्फ्लेमेबल’ला आहे. एवढं कारण पुरेसं आहे. कायद्यातला शब्द कायद्यात राहू द्या.

वाफ_आणि_ठिणगी
तुम्ही दोघंही चुकीच्या जोडीवर भांडताय. ज्या दोन शब्दांचा अर्थ एकच, त्यांत गोंधळायचं काय? खरी गफलत होते ती फ्लेमेबल आणि कम्बस्टिबल यांच्यात. दोन्हींचं मराठी सर्रास ‘ज्वलनशील’ करतात.

फरक फ्लॅश पॉइंटचा आहे. द्रवाच्या पृष्ठभागावर जमलेली वाफ ठिणगी दाखवताच भपकन पेटते, असं सर्वांत कमी तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा उणे ४० अंश सेल्सियसच्याही खाली, म्हणजे आपल्या हवेत ते कायम तयारच. खाद्यतेलाचा ३०० च्या आसपास. तेलही जळतं, पण आधी तापवावं लागतं.

आणि मर्यादा कुठे आखायची, हे प्रत्येक नियमावलीने आपापलं ठरवलंय. अमेरिकेत त्याच नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या (एनएफपीए) ‘एनएफपीए ३०’ या नियमावलीने अनेक दशकं ३७.८ अंश धरले: खाली फ्लेमेबल, वर कम्बस्टिबल. रसायनांच्या धोक्यांचं वर्गीकरण करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस पद्धतीत ६० पर्यंत फ्लेमेबल आणि ६० ते ९३ कम्बस्टिबल. ५२ अंशांना वाफ पेटणारं डिझेल घ्या. पहिल्या नियमाने ते कम्बस्टिबल, दुसऱ्याने फ्लेमेबल. डिझेल तेच, शब्द बदलला. आपल्या पेट्रोलियम कायद्याने तर या विशेषणांच्या भानगडीत न पडता सरळ वर्ग पाडलेत: ‘अ’ २३ च्या खाली, ‘ब’ २३ ते ६५, ‘क’ ६५ ते ९३. मला हेच शहाणपणाचं वाटतं.

प्रत्ययकारी
म्हणजे ‘फ्लेमेबल’सुद्धा निःसंदिग्ध नाही! धागाकर्त्याच्या मुद्द्यातली हवाच गेली की.

कोशातली_वाळवी
नाही गेली. मर्यादेवर वाद असू शकतो, दिशेवर नाही.

दुभाषी_दौत
भाषांतराच्या बाजूने. रसायनांच्या सुरक्षा-माहितीपत्रकात, म्हणजे एसडीएसमध्ये, १६ विभाग असतात. मराठी करताना आधी शब्दाकडे बघूच नका. विभाग २ मधला एच-कोड, म्हणजे जीएचएसने धोक्याला दिलेला क्रमांक, बघा, मग विभाग ९ मधला फ्लॅश पॉइंट, आणि दोन्ही जुळतात का ते तपासा. द्रवांसाठी एच २२४ एक्स्ट्रीमली फ्लेमेबल, २२५ हायली फ्लेमेबल, २२६ नुसतं फ्लेमेबल, २२७ कम्बस्टिबल.

इथे मराठी अडखळते. २२४ आणि २२५ दोन्हींना ‘अत्यंत ज्वालाग्राही’ लिहिलं जातं आणि दोन पायऱ्यांची एक होते. अ‍ॅसिटोन २२५ मध्ये बसतं. २२४ साठी फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली तर हवाच, वर उकळणंही ३५ अंशांच्या आत सुरू व्हायला हवं. मी २२४ ला ‘अत्यंत ज्वालाग्राही’, २२५ ला ‘अति ज्वालाग्राही’, २२६ ला ‘ज्वालाग्राही’ आणि २२७ ला ‘ज्वलनशील’ लिहितो. अत्यंत आणि अति यांतला फरक कानाला लागत नाही, हे कबूल. म्हणून कोडचा आकडा गाळत नाही.

साधं_बोला
ज्वालाग्राही हा शब्द कोण बोलतं? ‘लगेच पेट घेतं’ लिहा. आणि लाल चौकटीतलं ज्योतीचं चित्र असतंच, ते अडाण्यालाही कळतं.

वाफ_आणि_ठिणगी
चित्रावर विसंबू नका. २२७ ला जीएचएसमध्ये ज्योतीचं चित्रच नाही, फक्त ‘वॉर्निंग’ हा शब्द. युरोपीय संघाने तर ती श्रेणीच घेतली नाही. तिथून आलेल्या पिंपावर चित्र नाही म्हणजे आतला माल पेटत नाही, असं समजलात तर फसलात. फ्लॅश पॉइंट ७० चं द्रव ८० अंशांपर्यंत तापवलंत की ते पेट्रोलसारखंच वागणार.
‘लगेच पेट घेतं’ मात्र आवडलं. २२६ पर्यंत चालेल. २२७ ला ‘तापल्यावर पेट घेतं’.

प्रत्ययकारी
एक भर. एनएफपीएने २०२१ च्या आवृत्तीत फ्लेमेबल लिक्विड आणि कम्बस्टिबल लिक्विड दोन्ही सोडून ‘इग्निटिबल लिक्विड’ घेतलं. ज्यांच्या साक्षीवर हा धागा उभा आहे, त्यांनीच.

कोशातली_वाळवी
घेतलं खरं. पण ‘इन्फ्लेमेबल’कडे परत गेले नाहीत ना!

दुभाषी_दौत
वाफ_आणि_ठिणगी, तुमचं ‘तापल्यावर पेट घेतं’ मी उचलतोय. फक्त त्यापुढे अंश लिहीन: ‘७० अंशांना तापल्यावर पेट घेतं’. विभाग ९ मध्ये आकडा असतोच.