'मोल': रसायनातला आणि बाजारातला

चोपडेकर: नववीला 'मोल' शिकवत होतो, म्हणजे डझनासारखं अणू-रेणूंचे नग मोजायचं माप. फळ्यावर 'एक मोल पाणी = १८ ग्रॅम' लिहिलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, दोन मोल पानी कितलाले?" वर्ग हसला, मीही हसलो. पण पोराचं चुकलं कुठे? त्याच्या घरी मोल म्हणजे दाम. मोलमजुरी, कवडीमोल, मातीमोल. या दोन शब्दांचं काही नातं आहे का? आणि रसायनातल्या मोलला आपला शब्द नाही का?

तापीकाठ: नातं नाही. आपलं मोल 'मूल्य'वरून आलं. रसायनातला मोल जर्मनीतून आला. १९व्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी रेणूसाठीच्या जर्मन शब्दाचं शेपूट छाटून तो केला. मुळाशी लॅटिन 'मोलेस', म्हणजे मोठा ढीग. आपल्या खळ्यावरची रासच म्हणा ना. गंमत अशी की ओस्टवाल्ड स्वतः कितीतरी वर्षं अणू मानायलाच तयार नव्हते! त्यांच्या लेखी मोल हे वजनाचं माप. नगांच्या हिशेबाने त्याकडे बघणं नंतर रुळलं.

रावेरचा केळीवाला: पोरांना केळी दाखवा. आमचा माल शेतातून क्विंटलवर उचलतात आणि एसटी स्टँडवर तीच केळी डझनावर विकतात. डझन छोटी वेलची केळी घ्या, डझन मोठी ग्रँड नैन केळी घ्या. नग १२च, पण हातातलं वजन? तसंच एक मोल कार्बन १२ ग्रॅम, एक मोल लोखंड ५६ ग्रॅम, आणि अणू दोन्हीत तेवढेच. फरक एवढाच की केळी बोटाने मोजता येतात. अणूंना तोलूनच नग काढावे लागतात. हार्डवेअरवाला खिळे कुठे मोजत बसतो? एका खिळ्याचं वजन माहीत असलं की काट्यावरून नग निघाले.

जुनी वही, अमळनेर: आमच्या वेळी मोलसाठी 'ग्रॅम-रेणू' हा शब्द होता. ऐकायला मराठी, पण मिठापाशी अडतो. मिठात सोडियम आणि क्लोरीनचे आयन (विद्युतभार असलेले कण) रचलेले असतात, सुटे रेणू नसतातच. मग ५८.५ ग्रॅम मिठाला ग्रॅम-रेणू कशाच्या जोरावर म्हणायचं? इलेक्ट्रॉनचाही मोल असतो, तिथे तर बोलायलाच नको. शिवाय २० मे २०१९ पासून व्याख्येतून ग्रॅमही गेला. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवर मोल ठरायचा. आता आकडाच ठरवून टाकलाय: ६.०२२१४०७६ गुणिले १०चा २३वा घात. म्हणजे 'ग्रॅम'ही नको, 'रेणू'ही नको. उरलं काय, मधली रेघ! मोलच राहू द्या.

चोपडेकर: पटलं. पण वाक्यात अडखळायला होतं. 'मोलांची संख्या' की 'मोलची'?

तापीकाठ: मी सामान्यरूप टाळतो. 'मोलची संख्या', 'दोन मोलमध्ये'. 'मोलाचं' म्हटलं की पुढे 'सल्ला'च येतो. व्याकरणवाले रागावतील, पण इथे तोच भेद कामाला येतो: 'मोलाचं' बाजारातलं, 'मोलचं' प्रयोगशाळेतलं.

सराफ गल्ली, जळगाव: एका ठिकाणी दोन्ही मोल जुळतात बरं का. सोन्याचा एक मोल १९७ ग्रॅम, म्हणजे आजच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने जवळजवळ २० तोळे. ज्याच्या कपाटात असेल त्याला वेगळं शिकवायला नको.

चोपडेकर: हेच आज वर्गात सांगितलं. तोच पोरगा उठला, "मंग एक तोयामा कितला अणू?" म्हटलं, ये, तूच काढ. १० भागिले १९७, म्हणजे सुमारे ०.०५ मोल. त्याला मोलच्या आकड्याने गुणलं. उत्तर बरोबर आलं, ३ आणि पुढे २२ शून्यं. फळ्यावर मात्र २१च काढली होती.