गोठ्यातल्या लोखंडी हौदाला सौम्य करंट : अर्थिंगची वायर तोडावी का?

मदत हवी आहे. गोठ्यात ८ गाई आहेत, सिंगल फेज लाइन घरातून येते. गाई पाण्याला तोंड लावतात आणि झटकन मान मागे घेतात. माणसाला काहीच जाणवत नाही, पण हौद आणि ओला कोबा यांच्यात मीटरवर २.८ व्होल्ट एसी दिसतात. मीटरला समांतर १००० ओहमचा रेझिस्टर लावूनही २.१ राहतात. म्हणजे नुसतं भासणारं व्होल्टेज नाही.

गोठ्याचा मेन स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) बंद केला, तरी आकडा तोच. घराकडून येणारी अर्थची वायर काढली की शून्य. त्यामुळे मोटर, मिल्किंग मशीन यांवर संशय नाही. घराच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी जोडलेले असावेत. वायरमन येईपर्यंत आम्ही ते उघडणार नाही. वायर सध्या परत जोडली आहे, कारण गोठ्याला दुसरं अर्थिंग नाही.

घराकडची अर्थची वायर तोडून गोठ्याला वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच लाइन तोडणारा स्विच) आणि हौद, दावणीचे पाइप, गव्हाणीचं लोखंड एकत्र बाँड करायचा (वायरने एकमेकांना जोडायचा) विचार आहे. कोबा फोडणं शक्य नाही आणि त्याखाली बाँड करता येईल अशी लोखंडी जाळी नाही.

नवा पिट घराच्या पिटपासून किती लांब हवा? आणि जाळीशिवाय नुसतं लोखंड बाँड केल्यास गाईच्या तोंड-खुरांमधला फरक उलट वाढेल का?