'व्यक्तीची प्रतिष्ठा' आणि 'प्रतिष्ठित नागरिक' यांतील 'प्रतिष्ठा' एकच आहे का?

प्रश्न (कळवा, ठाणे)

कळव्यातील एका अभ्यासिकेत मी अकरावी-बारावीच्या मुलांना नीतिशास्त्र आणि मानवी हक्क यांची तोंडओळख करून देतो. मागच्या आठवड्यात संविधानाच्या उद्देशिकेतील 'व्यक्तीची प्रतिष्ठा' या शब्दांपाशी आम्ही आलो, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आमच्या नाक्यावरच्या फलकावर 'विभागातील प्रतिष्ठित नागरिक' म्हणून वीस-पंचवीस जणांचे फोटो आहेत. त्यांत माझी आई नाही. मग ही प्रतिष्ठा तिला आहे की नाही?" तिची आई घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात चार घरी धुणीभांडी करते आणि तिथे तिला मागच्या लिफ्टनेच वर जावे लागते.

आहे, असे मी तत्काळ सांगितले. पण त्याच शब्दाच्या आधारे ते पटवून देणे मला जमले नाही, कारण रोजच्या मराठीत प्रतिष्ठा मिळवावी लागते, ती वाढते, धुळीला मिळते, निवडणुकीत पणाला लागते. म्हणजे ती कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी असणारच. मानवी हक्कांच्या विचारात मात्र ती जन्मतः आणि सर्वांना सारखीच असते. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या जाहीरनाम्याचे पहिलेच कलम तसे सांगते, आणि त्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल अशा शब्दांऐवजी 'सर्व माणसे' असे शब्द यावेत, हा आग्रह भारताच्या हंसा मेहता यांनी धरला होता. हिंदी उद्देशिकेत 'गरिमा' आहे. आपण तो शब्द घ्यावा, की 'सन्मान', 'आत्मसन्मान' यांपैकी एखादा?

प्रतिसाद (नेरूळ)

सर, 'गरिमा' घेऊ नये असे मला वाटते. मराठीत आपण पदाची गरिमा, सभागृहाची गरिमा म्हणतो. हा शब्द माणसापेक्षा खुर्चीला अधिक चिकटलेला आहे. 'सन्मान' करणारा कोणीतरी लागतो, आणि त्याने तो केला नाही तर उरत काही नाही.

'आत्मसन्मान' मात्र थांबून पाहण्याजोगा आहे. तो माणसाच्या स्वतःविषयीच्या भावनेवर उभा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिलेल्या माणसाची ती भावनाच मारली गेलेली असू शकते. म्हणून त्याच्याशी कसेही वागावे, असे होत नाही. याचा पुरावा आपल्या भाषेतच आहे. बेवारस मृतदेह नीट हाताळला गेला नाही, तर आपण 'मृतदेहाची विटंबना झाली' असे म्हणतो. त्या देहाला काही जाणवत नाही, त्याचे नावही कोणाला ठाऊक नसते, तरीही विटंबना झाली हे आपल्याला समजते. जिची विटंबना होते ती गोष्ट भावनेची नाही आणि लौकिकाचीही नाही. तुमच्या विद्यार्थिनीला मी इथूनच सुरुवात करून दिली असती.

'प्रतिष्ठा' हाच शब्द राखावा, कारण त्याच्या मुळाशी 'स्था' हा धातू आहे: स्थिर उभे राहणे, आपल्या जागी असणे. 'प्राणप्रतिष्ठा' या शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. लौकिकाचा अर्थ त्यावर पुढे चढला. 'श्रमप्रतिष्ठा' हा तर आपल्या शाळांतून रुळलेला शब्द आहे, आणि तिथे कोणी हुद्दा विचारत नाही.

प्रतिसाद (नौपाडा, ठाणे)

'माणुसकी'चाही विचार व्हावा. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी झालेल्या सत्याग्रहाविषयी बोलताना 'माणुसकीचा हक्क' हे शब्द आजही सहज ओठी येतात, आणि तिथे त्यांचा अर्थ माणूस म्हणून असलेला हक्क एवढाच असतो. अडचण एवढीच, की आता 'माणुसकी दाखवा' म्हटले की दया दाखवा असे ऐकू येते.

मूळ प्रश्नकर्ता (कळवा)

नेरूळच्या ताईंचे विटंबनेचे उदाहरण मी काल वर्गात मांडले, आणि त्याला जोडून जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ मध्ये केलेला भेद सांगितला: ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, आणि ज्याच्या जागी काहीही ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. ती मुलगी लगेच म्हणाली, "आई आजारी पडली की त्या बदली बाई बोलावतात. कामाला बदली मिळते, सर. आईला नाही."

त्यानंतर आम्ही उद्देशिकेचे ते वाक्य पुन्हा वाचले. मुले पाठ म्हणताना 'व्यक्तीची प्रतिष्ठा'पाशी श्वास घेतात आणि वाक्य तुटते. प्रत्यक्षात ते 'व्यक्तीची प्रतिष्ठा व राष्ट्राची एकता आणि एकात्मता यांचे आश्वासन देणारी बंधुता' असे सलग आहे. प्रतिष्ठेचे आश्वासन इथे बंधुता देते. संविधान सभेच्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो शब्द घातला. हे सांगितल्यावर मागच्या लिफ्टचा विषय कायद्याचा की शेजाऱ्यांच्या वागण्याचा, यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले आणि तास संपला तरी ते मिटले नाही.

यापुढे टिपणांत मी एकटा 'प्रतिष्ठा' न लिहिता 'मानवी प्रतिष्ठा' असे लिहीन आणि त्यापुढे 'मिळते' हे क्रियापद येऊ देणार नाही, 'असते' हेच येईल. 'प्रतिष्ठित' हे विशेषण मात्र या अर्थाने वापरता येईल असे मला वाटत नाही. ते फलकावरच राहू द्यावे लागेल.