मदत हवी आहे: १६०० सीसी ड्रॅग इंजिनाला टर्बो कोणता लावावा?

धागाकर्ता
चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, बोअर ८१ आणि स्ट्रोक ७७.४ मिमी, म्हणजे १५९५ सीसी. फोर्ज्ड पिस्टन-रॉड, कॉम्प्रेशन ९:१, लिमिटर (इंजिनाचा वेग रोखणारा) ७८०० आरपीएमला. गिअर रेशो ३.२, १.९, १.३, १.०. गाडी फक्त ड्रॅगसाठी, म्हणजे ४०० मीटरच्या सरळ पट्टीवर धावणार. पेट्रोलवर, फ्लायव्हीलला ३०० हॉर्सपॉवर हवेत. गॅरेट कंपनीचे दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारे) डोळ्यांसमोर आहेत: जीटी२८६०आरएस आणि जीटी३०७६आर. 'मोठाच घे, पुढे पॉवर वाढवता येईल' असं बहुतेकांचं म्हणणं. ए/आर (टर्बाइनच्या हाउसिंगमधल्या वाटेचं माप) किती घ्यावा आणि ऑइल लाइनचं काय, तेही सांगा.

चौथा_गिअर
आधी हवेचा हिशोब, मग टर्बोचं नाव.

३०० हॉर्सपॉवर × एअर-फ्युएल रेशो ११.५ × ०.५५ (दर हॉर्सपॉवरला तासाला लागणारं पेट्रोल, पौंडात) ÷ ६० = मिनिटाला ३१.६ पौंड हवा, म्हणजे १४.३ किलो. कॉम्प्रेसर मॅप (टर्बो किती दाबाला किती हवा देतो त्याचा आलेख) बहुतेक पौंडातच मिळतात, म्हणून पौंड धरून चला.

७५०० आरपीएमला इंजिन ९५ टक्के भरतं आणि मॅनिफोल्डमधली हवा ४३ अंशांवर आहे असं धरलं, तर तेवढी हवा आत जायला २.२८ बार ॲब्सोल्यूट प्रेशर लागतं. गेजवर ते, वातावरणाचा १.०१ बार वजा होऊन, साधारण १.२७ दिसेल; हाच बूस्ट. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि पाइपात ०.१२ बार जातात, फिल्टरपाशी ०.०७. म्हणून प्रेशर रेशो (कॉम्प्रेसरमधून बाहेरचा दाब ÷ आत येणारा) २.४० ÷ ०.९४, म्हणजे जवळपास २.५५. मॅपवर हा झाला पहिला बिंदू.

दुसरा बिंदू कुणी मांडतच नाही, आणि ड्रॅगमध्ये टर्बो ठरतो तो त्यावरच. पहिल्यातून दुसऱ्यात टाकल्यावर इंजिन कुठे येतं? ७८०० × १.९ ÷ ३.२ = ४६३०. तिसऱ्यात ५३४०, चौथ्यात ६०००. म्हणजे ४६०० ते ७८०० एवढाच पट्टा कामाचा, पण त्यात बूस्ट पूर्ण हवा. ४६३० ला त्याच बूस्टवर हवा लागते सुमारे १९.५ पौंड. हा बिंदू मॅपवरच्या सर्ज रेषेच्या (हवा कमी पडून कॉम्प्रेसर अडखळतो ती हद्द) उजवीकडे, थोडं अंतर राखून पडला पाहिजे. डावीकडे गेला तर हवा उलट फिरते, बूस्टची सुई थरथरते आणि बेअरिंगचा जीव जातो.

२८६०आरएसचं टर्बाइन व्हील (एक्झॉस्टने फिरणारं चाक) ५३.९ मिमीचं, ३०७६ चं ६० मिमीचं. १६०० सीसीचा एक्झॉस्ट ४६०० ला ६० मिमीचं व्हील वेळेत फिरवू शकत नाही. दुसऱ्या गिअरचा अर्धा भाग बूस्टची वाट बघण्यातच जाईल. शिवाय ३०७६ ची क्षमता सव्वापाचशे हॉर्सपॉवरची, तुम्हाला हवेत ३००. २८६०आरएस ३६० पर्यंत जातो. तोच घ्या, ए/आर ०.६४.

व्हॉल्व्हस्प्रिंग
टर्बोबद्दल सहमत, ०.६४ बद्दल नाही. ७००० च्या वर छोटं हाउसिंग एक्झॉस्ट अडवतं. बॅकप्रेशर बूस्टच्या दुपटीवर गेलं की टर्बाइन गळा धरतोय असं समजा: सिलिंडरमध्ये जळका वायू मागे राहतो, नॉक (इंधन अवेळी पेटणं) वाढतो, इग्निशन टायमिंग मागे घ्यावं लागतं आणि पॉवर वरच्या टोकाला ढेपाळते. ०.८६ लावा. उशिरा स्पूल होण्याची (टर्बोला वेग यायला लागणाऱ्या वेळेची) भरपाई टू-स्टेपने होते: लाइनवर आरपीएम ५००० ला रोखून इग्निशन मागे घेतलं की उभ्या गाडीत बूस्ट तयार होतो. मात्र दोन-तीन सेकंदांवर धरू नका, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बाइन भाजून निघतात. गिअर बदलताना थ्रॉटल सोडत असाल तर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (अडकलेली दाबाची हवा सोडणारा) थ्रॉटल बॉडीजवळ बसवा.

अंदाजावर राहायचं नसेल तर मॅनिफोल्डला टर्बाइनच्या आधी एक छिद्र पाडून मीटरभर तांब्याची नळी काढा आणि तिच्या टोकाला गेज लावा. थेट बसवलेला सेन्सर उष्णतेने जातो.

आणि ते ४३ अंश हवेतून येत नाहीत. प्रेशर रेशो २.५५ ला कॉम्प्रेसरमधून हवा १५५-१६० अंशांवर बाहेर पडते. स्टार्ट लाइनवर उभ्या गाडीच्या एअर-टू-एअर इंटरकूलरला वारा कुठला? बर्फाच्या पाण्याचा इंटरकूलर वापरा, नाहीतर बूस्टचा आकडा वाढवून धरा.

चौथा_गिअर
टू-स्टेप असेल तर ०.८६ मान्य. नसेल तर नाही.

तेलकट_हात
ऑइलचं राहिलंच. हे बॉल बेअरिंगचे टर्बो, यांना फीडमध्ये १ मिमीचा रेस्ट्रिक्टर (तेल मोजकंच सोडणारं छिद्र) लागतो. वरच्या आरपीएमला टर्बोपाशी प्रेशर ३ बारच्या आत ठेवा. त्याहून जास्त झालं की सील ओलांडून तेल टर्बाइनमध्ये जातं आणि निळा धूर येतो. लोक मग टर्बोच खराब म्हणतात. ड्रेन आतून किमान १२-१३ मिमी, सरळ खाली उतरता, आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला. वाटेत कुठेही पोट पडू देऊ नका. पाण्याच्या लाइनी जोडायच्याच. पहिल्या स्टार्टआधी इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसतं क्रँक करा.

पिस्टन बसवलेत, पण टॉप रिंगचा गॅप मोजलाय का? ८१ मिमी बोअरला ०.४० ते ०.४५ मिमी हवा. कमी असेल तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटते.

धागाकर्ता
गॅप ०.३० आहे, म्हणजे उघडावं लागणार. टू-स्टेप ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) आहे, तेव्हा ०.८६ नक्की. इंजेक्टर मिनिटाला ४४० सीसीचे चालतील?

चौथा_गिअर
नाही. ३०० × ०.५५ ÷ ४ (इंजेक्टर) ÷ ०.८५ (८५ टक्केच वेळ उघडे धरून) = तासाला ४८.५ पौंड, म्हणजे मिनिटाला ५१० सीसी. ५५० चे घ्या. पुढे ई८५ (इथेनॉल मिसळलेलं इंधन) वर जायचं मनात असेल तर आत्ताच ७५० चे. पंप निवडताना डब्यावरचा आकडा बघू नका. ३ बार बेस आणि वर बूस्ट मिळून ४.३ बारला तो तासाला किती लिटर देतो ते बघा. पेट्रोलला १०० लिटर लागतील, ई८५ ला १३५-१४०.