मदत हवी आहे : आईने लिहून ठेवलंय, तरी हॉस्पिटल ऐकत नाही

आभा_ठाणे : आई आयसीयूत आहे. नळ्या लावून जगवू नका, असं तिने आधीच लिहून ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, हा कागद चालत नाही. कायदा झालाय ना? कुणाकडे जायचं तेवढं सांगा. उपदेश नकोत.

तात्या_नौपाडा : कसला कागद? नोटरी केलाय? व्हेंटिलेटर आहे की नुसता ऑक्सिजन? शुद्धीवर आहेत का?

आभा_ठाणे : डायरीचं पान आहे, खाली सही, तारीख. व्हेंटिलेटर. झोपेचं औषध चालू आहे.

घणसोलीकर : आपल्याकडे इच्छामरण नाहीच. स्वित्झर्लंडला परदेशी लोकांनाही चालतं.

तात्या_नौपाडा : व्हेंटिलेटरवरच्या बाईंना विमानात बसवणार का? आणि तिथेही औषध पेशंटने स्वतःच्या हाताने घ्यायचं असतं. इथे प्रश्न इंजेक्शनचा नाही, उपचार थांबवायचा आहे. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ला सुप्रीम कोर्टाने त्याची वाट उघडली, त्यांच्याच २०१८च्या निकालाने लिव्हिंग विलला, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. २०२३पासून दंडाधिकाऱ्याची सही लागत नाही; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

वकीलीणबाई_वाशी : पान बाद झालं तरी वाट बंद नाही. लिव्हिंग विल नसेल तर घरच्यांच्या संमतीने हेच करता येतं. हॉस्पिटलने डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ नेमायचं : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ, त्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला एक डॉक्टर. मत शक्यतो ४८ तासांत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पानाची झेरॉक्स जोडा. घरचे सगळे एकमताने आहेत ना?

आभा_ठाणे : भाऊ म्हणतो सगळं करा. तो पुण्याला असतो, त्याला काय जातंय बोलायला.

घणसोलीकर : हे आधी सांगायचं ना ताई!

निवृत्त_नर्स : आजार काय ते कुणीच विचारलं नाही.

आभा_ठाणे : जुना दमा, सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार. आता न्यूमोनिया. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात.

निवृत्त_नर्स : न्यूमोनिया उतरू शकतो, नळी निघूही शकते. मंडळ आधी हेच विचारणार, बरं होण्याची आशा आहे का. डॉक्टरांना समोर बसवून विचारा : किती दिवस वाट बघायची, आणि फरक नाही पडला तर पुढे काय. भावाला फोनवर घ्या. नळी निघाली तर परत घालायची का, हे आईलाच विचारता येईल. वैतागून सही करून घरी मात्र नेऊ नका. धाप लागून तडफडणारं माणूस घरी सांभाळणं मी पाहिलंय. पॅलिएटिव्हवाले, म्हणजे त्रास कमी करणारे डॉक्टर, धापेसाठी मॉर्फिन देतात, त्यांना आत्ताच बोलवा.

कोलशेतचा_बंड्या : मॉर्फिन म्हणजे हळूहळू मारणंच.

निवृत्त_नर्स : बंड्या, डोस मोजून देतात हो. असले गैरसमज पसरवू नका.

सुमनकाकू : मला माझं लिव्हिंग विल करायचंय. स्टॅम्प पेपर कितीचा लागतो?

वकीलीणबाई_वाशी : काकू, वेगळा धागा काढा. आभाताई, अर्जाचा मसुदा व्यनि (खासगी निरोप) करते.

आभा_ठाणे : करा. भाऊ रात्री पोचतोय.