धूसर फोटोतला पक्षी कसा ओळखलात? अनुभव लिहा

मुलुंडची माई:
काल जाऊबाईंनी खिडकीच्या जाळीतून काढलेला फोटो पाठवला. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, लांब शेपूट. "घुबड का गं हे?" मोठा करून पाहिला तर डोळा लालभडक. कोकिळा! नर काळा असतो, त्यामुळे मादी समोर बसली तरी लोकांना कळत नाही. त्यावरून बाबा आठवले. रोलचा कॅमेरा घेऊन पक्षी बघायला भांडुप पंपिंग स्टेशनला जायचे. फोटो धुऊन आले की पक्षी पावट्याच्या दाण्याएवढा. मग भिंग लावून चोच, पाय, शेपूट, बसायची ढब बघायचे. रंग सगळ्यात शेवटी. तुम्ही कसे ओळखता?

खाडीकाठ:
ऐरोलीचे कुरव (सीगल)!! काळ्या डोक्याचे नि तपकिरी डोक्याचे. थंडीत दोन्ही जातींच्या डोक्यावरची गडद टोपी जाते, कानामागे नुसता काळसर डाग. बसलेल्यांचे फोटो कितीही काढा. शेवटी एका हललेल्या फोटोत पंख उघडे मिळाले. काळ्या टोकांवर पांढरे ठिपके, म्हणजे तपकिरी डोक्याचा कुरव. वाईट फोटो लगेच डिलीट करू नका.

आरेवाला:
शिक्रा (शिकारी पक्षी) की पावशा, दरवेळी हाच प्रश्न येतो. चोच बघा. शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची जवळजवळ सरळ. आवाज आला असेल तर प्रश्नच मिटला, पावशा म्हणतो "पेर्ते व्हा"

माहीमची:
माई, बाबांचे फोटो अजून आहेत का? स्कॅन करून ठेवा हो. दमट हवेत बुरशी धरते.

मुलुंडची माई:
आहेत गं. दिवाळीच्या सुट्टीत भाचा करून देतोय.

पहिली लोकल:
प्लॅटफॉर्मवरून लिहितोय. व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर उरलेसुरले बारकावेही जातात. आणि जागा, तारीख, काय करत होता हे लिहा. पक्षी ओळखणारं मर्लिन ॲपही जागा नि तारीख विचारतंच. गाडी आली

चाळीतली काकू:
आमच्या जिन्यात पहिल्या पावसात एक पक्षी निपचित बसला होता. अंधारात फोटो काय येणार, सगळा हिरवट डाग. पण शेपूट अगदी आखूड, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली लाल. नवरंग! दक्षिणेकडून येताना थकून शहरात उतरतात बिचारे. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवला, पाणी पाजलं नाही, बचाववाल्यांना फोन केला. ते येईपर्यंत जेवण गेलं नाही मला.

माहीमची:
काकू, फार चांगलं केलंत. पाणी श्वासनलिकेत जाऊन दगावतात.

आरेवाला:
+१

शिवडीकर:
रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलो होतो, पण मला वेगळंच विचारायचंय. ओहोटीला चिखलाच्या कडेला तपकिरी, ठिपक्यांचा, मान आखडून बसलेला बगळा. फोटो उन्हाविरुद्ध आहे. वंचक जातीचा का?

खाडीकाठ:
उडाला का? पंख पांढरे दिसले?

शिवडीकर:
उडाला. पांढरं काही नाही, सगळा तपकिरीच. पंखांवर मोठे फिकट ठिपके.

खाडीकाठ:
मग वंचक नाही. वंचक उडाला की पांढरेशुभ्र पंख लांबूनही दिसतात. हे रातबगळ्याचं पिल्लू. संध्याकाळी जा, मोठेही दिसतील, "क्वॉक" करत खाडीकडे निघतात.

शिवडीकर:
रविवारी जातो. कोणी येतंय का?

पहिली लोकल:
मी. भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा.