क्युबातल्या खेड्यात जाच आहे, बाबा सोबत आहेत, बैलजोडी पाहाची आहे

वरुडचा_संत्रावाला

राम राम मंडळी. प्रश्न जरा येगळा आहे, हसू नका. भाचा माद्रिदले नोकरीले आहे, तो म्हणते मामा यंदा तुम्ही अन आजोबा इकडं या, इथून हवानाचं विमान भेटते, सोबतच जाऊ. आता बाबाले समुद्र, हॉटेल, किल्ले यात काही रस नाही. त्याहीनं कधीकाळी आकाशवाणीवर ऐकलं होतं की रशिया फुटल्यावर क्युबातलं डिझेल आटलं अन लोकं ट्रॅक्टर उभे ठेवून परत बैलावर आले. ते डोक्यात बसलं ते बसलंच. आमच्याकडं उलटं झालं, घरची जोडी इकली अन आता भाड्याचा ट्रॅक्टर लावतो, तं बाबा म्हणते मले ते गाव दाखव जिथं अजून नांगर चालते, बाकी तुमचं हवाना तुम्ही पाहा.

तं सांगा, असं कोणतं बारकं गाव आहे जिथं म्हाताऱ्या माणसाले घेऊन राहता येईन? बाबा माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. संत्र्याचा आंबिया बहार तुटला की मोकळे होतो, मृग बहार धरला नाही यंदा, म्हणजे डिसेंबर-जानेवारी जमते. मराठीत यावर काहीच सापडून नाही रायलं म्हणून इथं टाकलं. अन हो, स्पॅनिश फक्त भाच्याले येते.

यवतमाळचा_भटक्या

दादा, बाबाले सांगा की नांगर चालते, बरोबर ऐकलं त्याहीनं. मी जाऊन आलो आहे तिकडं. सरळ विन्यालेसले जा. हवानाच्या पश्चिमेले पिनार देल रिओ नावाचा प्रांत आहे, तंबाखूचा मुलुख, तिथलं हे गाव. हवानाहून १८० किलोमीटरच्या आसपास. दरीत लालसर माती अन मधीच चुनखडीचे सरळ उभे डोंगर, मोगोते म्हणतात त्याले, १९९९ पासून ती दरी युनेस्कोच्या यादीत आहे. त्यामुळं टुरिस्ट येतात हे खरं, पण गावाबाहेर दहा मिनिटं पायी गेलं की निसतं शेत, कोंबड्या, डुकरं अन घोड्यावर बसून जाणारा माणूस.

बैल आपल्यासारखेच वशिंडवाले दिसतीन, सेबू म्हणतात. पण बाबाले एक गोष्ट पयले डोळ्यात भरन. जू मानेवर नाही, शिंगाच्या मागं ठेवून शिंगालेच दोरानं आवळतात, अन कपाळावर गादी लावतात. बैल डोक्यानं ओढते. मी पाहतच रायलो. बाबा तं त्या शेतकऱ्यासोबत अर्धा दिवस त्याच्यावरच भांडतीन, भाच्याले दुभाषा म्हणून तयार ठेवजा.

तंबाखूचं रोप ऑक्टोबरपासून लावतात अन तोडा जानेवारी ते मार्च. म्हणजे तुमचा टाइम एकदम बरोबर, पाऊस नसते, वादळाचा सीझन नोव्हेंबरलेच संपते. पानं वाळवाले ताडाच्या पानानं शाकारलेली उंच कोठारं असतात, आत शिरलं की वासानं डोकं धरते. २०२२ च्या सप्टेंबरात इयान वादळ याच प्रांतावर आदळलं तवा असे कितीतरी कोठारं आडवे झाले होते. शेतकरी सांगतात की मालाचा ९० टक्के हिस्सा सरकारले ठरलेल्या भावात द्यावा लागते, उरलेल्या दहातून ते घरी सिगार वळतात अन तुम्हाले इकतात. इकडं कापसाचा भाव अन तिकडं हे, बाबाले विषय पुरन.

राहाले कासा पार्तिकुलार, म्हणजे लोकाइच्या घरातली खोली. १९९७ पासून सरकारनं त्याले लायसन द्यायला सुरुवात केली, दारावर निळं चिन्ह असते. मालकीण तुमचा पासपोर्ट रजिस्टरात लिहून घेईन, घाबरू नका, नियम आहे तसा. गावात हॉटेल पाहूच नका, कासातच राहजा.

चिखलदऱ्याची_कॉफी

वरुडवाले दादा, मी जेवणाचं बोलते कारण सगळे डोंगर आणि बैल सांगतील, पण काकांच्या ताटात काय पडणार ते कोणी सांगत नाही.

तिथं भात आणि काळ्या घेवड्याची उसळ रोज असते, ऐकायला एकदम शाकाहारी. पण कोंग्री म्हणून जो एकत्र शिजवलेला भात येतो त्यात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, वरून दिसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मालकिणीला भाच्याकडून नीट सांगून ठेवायचं, मांस नाही, अंडं नाही, आणि मान्तेका म्हणजे डुकराची चरबी तर अजिबात नाही, तेलात कर. पांढरा भात वेगळा, घेवडा वेगळा मागायचा. युका म्हणजे कसावा, उकडून वर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस टाकतात, ते काकांना आवडेल (आणि संत्रं आंबट का म्हणून चौकशीही होईल 😄). रताळं, मालांगा नावाचं अळूसारखं कंद, कच्च्या केळीचे चेपून तळलेले काप, पपई, पेरू. उसाचा रस गुआरापो म्हणून मिळतो, पण बर्फ कुठल्या पाण्याचा ते विचारून. पाणी बाटलीचंच.

भाकरी-पोळी विसरा. ज्वारीचं पीठ नेलं तरी तवा आणि गॅस दोन्हीची गॅरंटी नाही. जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले चणे, गूळ, एवढं बॅगेत ठेवा. बियाणं, रोपं, ताजी फळं काही नेऊ नका, कस्टमला काढून घेतात. आणि काकांसाठी नाही पण तुमच्यासाठी, खर्रा घरीच ठेवून जा. तंबाखूच्या गावात तंबाखू घेऊन जाणारे आपणच एक.

औषधं. हे मोठ्या अक्षरात समजा. बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण ट्रिपच्या आणि वर पंधरा दिवसांच्या जास्तीच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. तिथल्या मेडिकल दुकानात साधी पॅरासिटामॉल मिळेल असं धरून चालू नका. डॉक्टर गावोगाव आहेत, १९८४ पासून त्यांची फॅमिली डॉक्टरची पद्धत आहे, पण लिहून दिलेली गोळी कुठून आणायची हा प्रश्न. डास आहेत, डेंग्यू-चिकनगुनिया दोन्ही, ओडोमॉस भरपूर न्या.

कॉफी मात्र! घराच्या मागे दोन-चार झाडं, अंगणात वाळवलेल्या बिया, कढईत काळ्या भाजलेल्या, बारक्या कपात भरपूर साखर घालून. आमच्या चिखलदऱ्याची पोरगी म्हणून सांगते, तेवढ्यासाठी पण जावं.

उमरेडचा_तिरपट

माफ करा पण मले हे पटत नाही. लोकं तिथं बैल हौस म्हणून नाही जुंपून रायले, डिझेल नाही म्हणून जुंपून रायले. १९६२ पासून राशनचं पुस्तक चालू आहे अन आता त्या पुस्तकावर पण माल वेळेवर येत नाही. ऑक्टोबर २०२४ मधे अख्ख्या देशाची लाइट गेली, एका दिवसात आली पण नाही, त्यानंतर परत परत तेच. खेड्यात तं रोजचं लोडशेडिंग, अन आपल्यासारखं टाइमटेबल लावून नाही. पोट्टे देश सोडून चालले. अन आपण इथून लाखो खर्च करून जाच अन त्याहीची गरिबी पाहून म्हणाचं वा काय निसर्ग! उद्या कोणी परदेशी येऊन आपल्या कोरडवाहूतल्या माणसाचा फोटो काढून म्हणन किती सुंदर, तं कसं लागन?

माझा सल्ला, भाच्याकडं जा, स्पेन पाहा, वापस या.

यवतमाळचा_भटक्या

@उमरेडचा_तिरपट भाऊ, बैलाचं तुमचं म्हणणं खरंच आहे. तिथला शेतकरी पण तेच म्हणते, ट्रॅक्टर दे, आज बैल सोडतो. पण नाही गेलं तं कोणाचं भलं होते ते सांगा. ज्या घरात आपण राहतो त्या बाईच्या हातात पैसा सरळ जाते, मधी कोणी नाही. मी राहिलो ती बाई आधी शाळेत शिकवे, पगारात अंड्याचा ट्रे येत नाही म्हणून खोली काढली. टुरिस्ट कमी झाले तं पयला फटका तिलेच. फरक एवढाच की रिकाम्या हातानं अन भरलेल्या पोटानं जाऊ नये. साबण, सुई-दोरा, पॅरासिटामॉल, बॅटरीचे सेल, पोट्ट्याइचे पेन असं काही नेजा अन घरमालकिणीच्या हातात देजा, तिले मालूम असते गल्लीत कोणाले काय लागते. रस्त्यावर पोराइले वाटत फिरू नका, ते फार वाईट दिसते.

अन दुकानात दोनच वस्तू असन तं दोन्ही आपण उचलाच्या नाही. लाइनीत उभं राहायचं असन तं तिथली पद्धत आहे, गेल्यावर मोठ्यानं विचारतात, एल उल्तिमो? मंजे शेवटचा कोण. तो हात वर करते, मंग तुमचा नंबर त्याच्या मागं, तुम्ही खुशाल झाडाखाली जाऊन बसा. आमच्या ग्रामपंचायतीत हे चालू करा म्हणून मी सांगतलं, कोणी मानत नाही.

शकुंतला_नॅरोगेज

विन्यालेस छानच, पण एक दुसरं नाव पण ठेवा. रेमेदिओस, विया क्लारा प्रांतात, देशाच्या मधोमध. टुरिस्ट कमी, चौक, दोन जुने चर्च, घोडागाडीतून लोकांची ये-जा, कारण इंधन. २४ डिसेंबरच्या रात्री तिथं पारांदास असते, सान साल्वादोर आणि एल कार्मेन असे गावाचे दोन मोहल्ले एकमेकांशी भिडतात, समजा पांढुर्णा-सावरगावची गोटमार, फक्त गोट्यांऐवजी फटाके आणि सजवलेले रथ. २०१८ मधे तिथल्या या पारांदासची नोंद युनेस्कोच्या वारशात झाली. पण काका वयस्कर असतील तर त्या रात्री चौकात नेऊ नका, धूर आणि आवाज भयंकर.

माझं जाण्याचं कारण वेगळं होतं, मी रेल्वेवाला. रेमेदिओसच्या जवळ काइबारिएनला बंद पडलेल्या साखर कारखान्यात म्युझियम केलं आहे, जुनी वाफेची इंजिनं उभी आहेत. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वेगाडी पाहून वाढलेल्या माणसाला तिथून हलवत नाही. आणि काकांना शेतीचं खरं पाहायचं असेल तर तंबाखूपेक्षा ऊस जास्त सांगतो. १९७० साली एक कोटी टन साखर काढायची म्हणून पूर्ण देश शेतात उतरवला होता, ८५ लाखांवर अडकले. सोव्हिएत गिऱ्हाईक गेलं, २००२ मधे दीडशेच्या वर कारखान्यांपैकी जवळपास निम्मे बंद केले, आणि आता साखर बाहेरून आणावी लागते. कारखान्याभोवती वसलेली अख्खी गावं तशीच राहिली, चिमणी उभी, धूर नाही. पडीक उसाच्या रानात माराबू नावाचं बाभळीच्या कुळातलं काटेरी झाड माजलं, तोडता तोडता लोकं थकले, मग त्याचाच कोळसा करून विकायला लागले. २०१७ मधे अर्धशतकाहून जास्त काळानं क्युबाचा पहिला माल अमेरिकेला कायदेशीर गेला तो हा कोळसा. आपल्याकडच्या बंद पडलेल्या जिनिंग आणि सूतगिरण्या ज्यांनी पाहिल्या त्यांना जास्त सांगायला नको.

वरुडचा_संत्रावाला

लय धन्यवाद सगळ्याइचे. तिरपट भाऊ, तुमचं बाबाले वाचून दाखवलं. ते म्हणाले, त्याले सांग मी का फोटो काढाले चाललो, मले जोडी पाहाची आहे. विषय संपला. विन्यालेस पक्कं करतो, कोठार अन शिंगाचं जू ऐकून त्याहीनं शेजारच्यालेही सांगून टाकलं. रेमेदिओस दूर पडन का? अन पैसे, विजा, लाइटीचं काय करू?

शकुंतला_नॅरोगेज

एकाच ट्रिपमधे काकांना दोन्ही ओढू नका, रेमेदिओस हवानाच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि गाड्यांचा भरवसा नाही. व्हिजा आता ऑनलाइन आहे, आधीचं कागदी टुरिस्ट कार्ड बंद झालं, दिल्लीत त्यांची वकिलात आहे तिथं विचारा. निघायच्या आधी देवियाहेरोस नावाचा फॉर्म ऑनलाइन भरून क्यूआर कोड ठेवायचा, मेडिकल इन्शुरन्सचा कागद पण. माद्रिदला थांबणार आहात तर शेंगेन व्हिजा डबल एंट्रीचा घ्या, नाहीतर परतताना अडकाल.

यवतमाळचा_भटक्या

पैसे युरोत न्या, कॅश, लहान नोटा. अमेरिकन बँकेचं कार्ड चालत नाही, आपलं चालते का न चालते यावर भरोसा ठेवून म्हाताऱ्या माणसाले घेऊन जाऊ नका. सरकारी भाव अन बाजारभाव यात लय फरक आहे, मालकिणीलेच विचारजा काय रेट चालू आहे. हवाना ते विन्यालेस वियासुल नावाच्या कंपनीची बस आहे, पण डिझेल नसलं की रद्द होते, म्हणून कासावालीलेच शेअर टॅक्सी सांगून ठेवा, जुनी अमेरिकन गाडी येईन, बाबाले पुढची सीट द्या. विजेले ११० व्होल्ट अन चपटी पिन लागते, अॅडॉप्टर इथूनच न्या. एक मोठी पॉवर बँक, डोक्याले लावाचा टॉर्च.

अन बुकिंगच्या आधी भाच्याले त्या कासावालीले व्हॉट्सअपवर तीन गोष्टी विचाराले सांगजा: सध्या दिवसातून लाइट किती तास राहते, घरी सोलर नाहीतर इन्व्हर्टर आहे का, अन पाण्याची टाकी वर आहे का. गोलमाल उत्तर आलं तं दुसरं घर पाहजा, त्या गावात जवळपास प्रत्येक गल्लीत आहेत.